आम्ही दोघं आणि सिंगापूर

लग्नाला तीस वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कुठं गेलोच नव्हतो. वडूजहून पुण्या-मुंबईला गेलो ते कुणाच्या लग्नाला, नाहीतर दवाखान्याला. यंदा लेकानं सिंगापूरची तिकिटं काढली. राहण्याखाण्याचा खर्च आमचा. आधी भांडलोच. हजसाठी साठवलेल्यातून हे काढायचे का?

बंदरातली जहाजं मोजता मोजेनात. उंच इमारतींनी मान दुखली, एवढंच. मरिना बॅरेजवर मात्र तासभर बसलो. 2008 साली खाडीच्या तोंडाशी बांध घालून भर शहरात गोड्या पाण्याचा तलाव केलाय. येरळेचं कोरडं पात्र बघत आलेली आम्ही माणसं, दोघंही गप्प.

असरला सुलतान मशिदीत गेलो. सोनेरी घुमटाच्या बुडाशी काळा पट्टा दिसतो, तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा. गोरगरिबांचाही बांधकामात वाटा असावा म्हणून त्यांच्याकडून बाटल्या घेतल्या होत्या. बायकांची जागा वेगळी, पण छत एकच. एका मशिदीत दोघांनी नमाज पढली, असं तीस वर्षांत पहिल्यांदाच घडलं. बाहेर येऊन चपला शोधताना दोघांचेही डोळे ओले.

परतताना विमानात हिशेब मांडला. हजसाठी अजून दोन वर्षं साठवावं लागेल. तोवर गुडघे टिकोत, इन्शाअल्लाह.