दोन सुलट, दोन अर्धवट

मुंबईत राहून स्वेटर विणणं म्हणजे वाळवंटात राहून होडी बांधणं. हे माझं नाही, माझ्या रूममेटचं मत आहे. आणि तिचं अगदीच चुकतं असं नाही. आमच्या गोरेगावच्या फ्लॅटमध्ये पंखा पाचवर असतो, बाहेर हायवे गरगरत असतो आणि मी मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसलेली असते. घाम पुसायचा, टाका घालायचा. पुन्हा घाम पुसायचा, पुन्हा टाका.

माझ्या पलंगाखाली एक पेटी आहे. त्यात सध्या अडीच मफलर आहेत, एकाच बाहीचा एक स्वेटर आहे आणि भाची जन्मली तेव्हा तिच्यासाठी सुरू केलेली कुंची आहे. भाची आता दुसरीत गेली. विणणाऱ्या कुणालाही विचारा, प्रत्येकीकडे अशी एक पेटी असतेच. दुकानात नवा मोरपंखी रंग दिसला की घरातलं जुनं काम सुयांवरच राहतं. पूर्वी मफलर सुरू केला की संपवायचाच, असं मी ठरवायचे. हल्ली ठरवणंही अर्धवटच सोडते.

आई म्हणते, "अर्धवट सोडायची सवयच आहे तुला."

हे वाक्य फक्त लोकरीबद्दल असतं तर मी हसले असते. पण तीन वर्षांपूर्वी मी एका वर्तमानपत्रातली पक्की नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं. मासकॉमची डिग्री, पीएफ, मेडिकल, सगळं व्यवस्थित चालू असताना! आईने पस्तीस वर्षं नाशिकच्या एकाच शाळेत शिकवलंय. तिच्या लेखी मी चालू ट्रेनमधून उडी मारली होती. त्यानंतर फोनवर आमच्यात दोनच विषय उरले. 'जेवलीस का?' आणि 'पैसे आले का?' पहिल्याचं उत्तर मी खोटं द्यायचे आणि दुसऱ्याचं टाळायचे.

डब्यातला खजिना

त्याच वर्षी दिवाळीत घरी गेले असताना कपाटात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. बिस्किटं अर्थातच नव्हती. आईच्या सुया होत्या. शाळेच्या स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत, पेपर तपासून झाल्यावर, अशी तिने अख्ख्या खानदानाची लोकर विणून काढली होती. नाशिकला थंडी म्हणजे थंडीच असते. शेजारच्या निफाडला तर पारा असा घसरतो की द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. त्यामुळे आमच्याकडे स्वेटर ही चैन कधीच नव्हती.

पण गेली काही वर्षं तो डबा बंद होता. आईच्या अंगठ्यांचे सांधे दुखतात. एक दिवस तिने सुया पुसून ठेवल्या आणि विषय संपवला. मी डबा मुंबईला नेते म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, "ने. नाहीतरी पडूनच आहे."

आता मला विणता कुठे येत होतं? सातवीत शिकलेलं 'दोन सुलट, दोन उलट' तेवढं आठवत होतं. त्या भांडवलावर पहिला मफलर सुरू केला. चाळीस टाक्यांनी सुरुवात झाली आणि हातभर विणून होईपर्यंत सत्तावन्न टाके झाले. मफलर कसला, पतंगच! शेवटी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने चष्मा लावून दोन ओळी बघितल्या आणि म्हणाली, "सुलटावरून उलटावर जाताना दोरा दोन सुयांच्या मधून पुढे घे. तू सुईवरून घेतेस, म्हणून दर वेळी एक टाका वाढतो. उसव सगळं."

त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं बोललो. पैशांचा विषय निघालाच नाही.

नारळाची टोपी

मग फोन वाढले, कारण घोळ वाढले. सगळ्यात मोठा घोळ टोपीचा. एका मित्राला वाढदिवसाला द्यायची होती. मित्राच्या पुढे प्रश्नचिन्ह आहे असं समजा. अमेरिकन पॅटर्न मिळाला, त्यात लिहिलं होतं दहा नंबरची सुई. आईच्या डब्यात दहा नंबरची सुई होतीच. जाडजूड लोकर आणली आणि आठवडाभर रात्री जागून टोपी विणली. झाली ती इतकी कडक आणि इतकी छोटी, की नारळावर फिट्ट बसली. शपथेवर सांगते, घालून पाहिली.

आईला सांगितलं तर ती आधी पाच मिनिटं हसली. मग शोध लागला. आपल्याकडच्या जुन्या सुया ब्रिटिश पद्धतीच्या, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकेत बरोबर उलटं, तिथला दहा नंबर म्हणजे सहा मिलिमीटर! म्हणून आता मी नंबर बघतच नाही, मिलिमीटर बघते. आणि आधी हाताएवढा चौकोन विणून दहा सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजते. हा कंटाळवाणा चौकोन टाळला की नंतर अख्खी टोपी उसवावी लागते. मित्र मात्र उसवावा लागला नाही, तो आपणच सुटला.

लोकलमधले किस्से तर वेगळेच. एकदा अंधेरीला गर्दीचा धक्का बसला आणि एक टाका निसटून सरसर आठ ओळी खाली गेला. माझा चेहरा बघून समोरच्या काकूंनी न विचारता काम हातात घेतलं, केसातली पिन काढली आणि शिडीची एकेक पायरी चढावी तसा तो टाका वर आणून सुईवर बसवला. बोरिवली यायच्या आत. मी थँक्यू म्हणेपर्यंत त्या उतरूनही गेल्या.

थंडीच्या शोधात

गेल्या डिसेंबरमध्ये एक चमत्कार झाला. आठ महिने अडकलेलं एका कामाचं पेमेंट एकदम खात्यात आलं. आईला अभिमानाने फोन केला. ती म्हणाली, "आधी एफडी कर." मी म्हटलं, "आधी मनालीला चल. एवढं विणलंय, ते घालायला थंडी तरी नको का?" बाबांनी थंडीला लांबूनच हात जोडले. आईने दोन दिवस विचार केला आणि मग विचारलं, "लाडू किती घेऊ?"

पंजाब मेलमध्ये मी मुंबईला चढले, आई नाशिक रोडला. दिल्लीहून रात्रीची बस. अख्ख्या प्रवासात मी विणत होते आणि ती बघत होती. मध्येच माझ्या हातातलं काम सरळ करायची, पण सुया घ्यायची नाही. मी एकदा पुढे केल्या. तिने हात शालीत घातले आणि विचारलं, "पुढच्या महिन्याचं काय? काम आहे का हातात?" मी म्हटलं, "बघू." मग मध्य प्रदेशातलं एक अख्खं स्टेशन आम्ही गप्प बसून बघितलं.

मनालीहून आम्ही टॅक्सीने सिस्सूला गेलो. पूर्वी रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की पलीकडच्या लाहौलचा रस्ता हिवाळाभर तुटायचा. ऑक्टोबर 2020 मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि आता काही मिनिटांत तुम्ही डोंगरापलीकडे असता. बोगद्याच्या अलीकडे देवदार, पलीकडे उघडेबोडके पांढरे डोंगर आणि खाली चंद्रा नदी. थंडी अशी की माझा मोरपंखी स्वेटर पहिल्यांदाच कामाला लागला. दोन बाह्यांचा, हो! हा एक पूर्ण झाला होता.

चहा-मॅगीच्या टपरीशेजारी उन्हात एक बाई मोजा विणत बसल्या होत्या. लाहौलचे रंगीत नक्षीचे मोजे आणि हातमोजे प्रसिद्ध आहेत, 2021 मध्ये त्यांना जीआय मानांकनही मिळालं. गंमत म्हणजे सुयांवरचं हे विणकाम तिथे रुजवण्यात एकोणिसाव्या शतकात केलाँगला आलेल्या मोरावियन मिशनच्या मारिया हायडे यांचा मोठा वाटा होता. म्हणजे एका जर्मन बाईंनी शिकवलं आणि हिमालयातल्या बायकांनी ते आपलं करून टाकलं.

आई थबकली. तिने जन्मभर दोन सुयांवर सपाट विणून शिवलं होतं. या बाई मात्र पाच सुयांवर गोल फिरत होत्या, शिवण नाहीच. आई शेजारी बसली आणि तिच्या नाशिकच्या हिंदीत म्हणाली, "बहनजी, ये एडी कैसे निकालते? मेरे को कभी जमी नहीं."

बाईंनी विणून दाखवलं. सगळे टाके विणायचे नाहीत. मध्येच थांबायचं, काम फिरवायचं आणि परत यायचं. पुढच्या वेळी आणखी थोडं आधी फिरायचं. अशा अर्धवट ओळी साठत गेल्या की त्या जागी खोलगट वाटी तयार होते आणि पाय आत बसतो. ओळ दर वेळी पुरी केली तर मोजा नळीसारखा सरळच जाईल.

"अर्ध्यातून फिरायचं असतं होय," आई स्वतःशीच म्हणाली. मी नदीकडे बघत राहिले. काही बोलायची माझी हिंमत नव्हती.

मग बाईंनी सुया आईपुढे धरल्या. आईने अंगठे दाखवून मान हलवली. बाईंनी स्वतःचे अंगठे पुढे केले. तसेच सुजलेले. म्हणाल्या, "धूप में बुनो. दर्द हो तो रख दो. फिर उठा लो."

आईने सुया घेतल्या. अकरा टाके विणले, मी मोजले. मग ठेवल्या. चहाचे दोन घोट घेतले आणि पुन्हा उचलल्या.

आम्ही त्यांच्याकडून दोन जोड मोजे घेतले, भाव न करता. परतीच्या बसमध्ये दिवे बंद झाल्यावर आईने विचारलं, "ते आठ महिने पैसे आले नव्हते तेव्हा काय करत होतीस?" तीन वर्षांत पहिल्यांदा मी खरं उत्तर दिलं. कुठल्या मैत्रिणीकडून किती उसने घेतले, कुठल्या महिन्यात भाडं चुकलं, सगळं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "सांगायचं नाही का?" आणि माझ्या हातात लाडू ठेवला.

आता आमचा एक मोजा नाशिकला विणला जातोय आणि एक गोरेगावला. लोकर तीच, सुया तीन मिलिमीटरच्या, टाके छप्पन्न. आई सकाळी गच्चीवर उन्हात दहा मिनिटं विणते, दुखलं की ठेवते. मी रात्री पंख्याखाली विणते. परवा व्हिडिओ कॉलवर दोन्ही शेजारी धरून बघितले. तिचा माझ्यापेक्षा चांगला अर्धा इंच रुंद झालाय.

"एक उसवावा लागणार," मी म्हटलं.

"हो ना," आई म्हणाली. "तुझा."