संगणकाचे सोवळे

आकडेमोडीच्या संगणकप्रणाली मोठ्या सोवळ्या असतात. त्यांच्या पंगतीला एकाच प्रकारची मंडळी बसायला हवी. मॅटलॅबमध्ये चौकटी कंसात एखाद्या अक्षराशेजारी ६६ हा आकडा मांडा. त्याचे मुकाट्याने 'बी' हे इंग्रजी अक्षर होते! पायथनमधल्या नमपायला आकडे आणि शब्द एकत्र दिले, की ती सगळ्यांनाच शब्द करून टाकते. मग बेरीज कशाची करणार?

हा हट्ट निष्कारण नाही. नेहमीचा दशांश आकडा ८ बाइट जागा घेतो. सगळी घरे सारखी असली, की हजारावे घर कुठे हे साध्या गुणाकाराने कळते. वेग येतो तो यातून. शब्द मात्र कधी दोन अक्षरांचा, कधी वीस.

माझी या सोवळ्याशी गाठ पडली ती आजोबांच्या वहीमुळे. आमचे घर इंदूरला, रामबागेत. गच्चीवरच्या पर्जन्यमापकातले पाणी आजोबा रोज सकाळी मोजीत आणि तारीख, मिलिमीटर, शेरा अशा तीन रकान्यांत लिहीत. कुठे शून्य, पुढे 'ढग आले, गेले'. एके ठिकाणी आकड्याच्या जागी नुसती रेघ, आणि शेरा : 'माकडांनी भांडे पाडले. रात्री पाऊस जोराचा.'

ही वही संगणकात घालताना 'शेरे गाळ, आकडे तेवढे भर', असा सल्ला मला मिळाला. पण मग त्या रेघेच्या जागी 'आकडा नाही' एवढीच खूण उरणार, आणि जोराच्या पावसाची एकमेव साक्ष पुसली जाणार. शून्य भरावे, तर त्या रात्री इंदूर कोरडे ठरणार!

सुदैवाने सोवळ्यालाही पळवाटा असतात. मॅटलॅबच्या पाचव्या आवृत्तीत, १९९६ साली, महिरपी कंसातला 'सेल ॲरे' आला. तो आपल्या मिसळणाच्या डब्यासारखा : प्रत्येक वाटीत वेगळा जिन्नस. सायलॅबमधली 'लिस्ट' ही त्याचीच बहीण. पण अख्ख्या डब्याची बेरीज होत नाही. एकेक वाटी उघडावी लागते, आणि वेग मंदावतो. मला भावले ते मॅटलॅबमध्ये २०१३ साली आलेले 'टेबल'. त्यात प्रत्येक रकाना आपल्यापुरता सोवळा, पण एका ओळीत तारीख, आकडा आणि शेरा शेजारी शेजारी. मिलिमीटरची बेरीज होते आणि आजोबांची माकडेही शाबूत राहतात.

आपल्या या अंकाचे तरी दुसरे काय आहे? मराठी विभाग मराठीत, कन्नड विभाग कन्नडमध्ये. कोणी कोणाचे रूप घेत नाही; बांधणी मात्र एकच.