वारा, वजन आणि माझा मावसभाऊ

"अगं, नीट जेवत जा, नाहीतर वाऱ्याने उडून जाशील!" हे वाक्य तुम्हाला कधी कुणी ऐकवलंय? मी लहानपणापासून ऐकतेय. माझं वजन ४४ किलो. आमच्या कुम्हारीत उन्हाळ्यात अंधड सुटलं की शेजारच्या काकू आजही म्हणतात, "दार लाव गं, नाहीतर खारून नदी ओलांडून थेट रायपूरला पोचशील." मी हसते आणि दार लावते.

माझ्या मावसभावाला मात्र हे हसण्यावारी नेता येत नाही. तो १७ वर्षांचा आहे, भोपाळला राहतो आणि तिथल्या मोठ्या तलावावर शिडाची होडी चालवतो. समुद्र नसलेल्या गावात हे वेड कुठून आलं, असं विचाराल. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत देवास जिल्ह्यातल्या नेहा ठाकूरने रौप्यपदक मिळवलं. तीही भोपाळच्याच तलावावर शिकलेली. ते टीव्हीवर बघून आमच्या पठ्ठ्याने हट्टच धरला.

दोन महिन्यांपूर्वी रात्री त्याचा फोन आला. "ताई, १८ पूर्ण झाल्यावर माझ्यासाठी होडीच नाही गं."

मला आधी कळेचना. मग त्याने समजावलं, ते तुम्हालाही सांगते. तो चालवतो ती आयएलसीए, म्हणजे पूर्वीची लेझर. एकट्याने चालवायची छोटी होडी. होडी एकच, पण शिडं तीन मापांची. सर्वांत लहान शीड ४.७ चौरस मीटरचं, ते आयएलसीए ४. नेहाचं पदक यातलंच, आणि ही मुख्यतः १८ वर्षांखालच्या मुलामुलींची. मधलं आयएलसीए ६, सर्वांत मोठं आयएलसीए ७, सुमारे ७ चौरस मीटरचं. ऑलिंपिकमध्ये ६ स्त्रियांसाठी आणि ७ पुरुषांसाठी. जोराच्या वाऱ्यात ७ ताब्यात ठेवायला साधारण ८० किलोंचा गडी लागतो. माझा भाऊ ५६ किलोंचा. होडीचा सांगाडाच ५९ किलोंच्या आसपास, म्हणजे हा होडीपेक्षाही हलका!

झालं, घरात मोहीम सुरू झाली. मावशीने डिंकाचे लाडू केले. रोज सहा केळी, दोनदा दूध, वर कुणीतरी सुचवलेली पावडर. महिन्याभरात वजन वाढलं दीड किलो आणि पोट बिघडलं ते वेगळंच. वजनकाट्यावर उभं राहायच्या आधी तो पाणी पिऊन घ्यायचा, हे मावशीला कळलं तेव्हा ती रडली. मग मलाही हा विषय नुसता खेळाचा वाटेना.

"एकट्याने चालवायची ट्रॅपीझवाली होडी असती ना, तर मी कुणालाही हरवलं असतं," तो म्हणाला. ट्रॅपीझ म्हणजे डोलकाठीपासून खाली आलेली तार. ती कमरेच्या पट्ट्याला अडकवायची, पाय होडीच्या काठावर रोवायचे आणि अख्खं शरीर पाण्यावर बाहेर झोकून द्यायचं.

हे ऐकून मला भिलाईची मैत्री बाग आठवली. तिथल्या सी-सॉवर बाबा मधल्या खांबाजवळ बसायचे आणि मला पार टोकाला बसवायचे. तरच फळी समतोल राहायची. वजन कमी असेल तर अंतर वाढवा, इतकं साधं गणित. आपल्या कोकणातल्या होड्यांना बाजूला बांधलेली उलांडी असते, तिचं कामही असंच. होडीपासून लांब असलेलं ते लाकूड होडीला कलंडू देत नाही. मग हलक्या माणसाला तार द्या, प्रश्न मिटला! मीही आधी असंच समजले.

पण थोडं गणित करून बघा. समजा, काठावर बसून मागे झुकल्यावर शरीराचा भार होडीच्या मध्यापासून १.२ मीटरवर पडतो आणि तारेवर लटकल्यावर १.७ मीटरवर. बसलेला ८० किलोंचा माणूस, ८० गुणिले १.२, म्हणजे ९६. तारेवरचा माझा भाऊ, ५६ गुणिले १.७, म्हणजे जवळपास ९५. बरोबरी झाली की! पण त्या ८० किलोवाल्यालाही तार दिली तर? १३६. दोघं बसलेले असताना फरक होता २९, तारेवर तो झाला ४१. तारेवर प्रत्येक किलोचं मोल वाढतं, आणि किलो तर त्याच्याकडेच जास्त. मंद वाऱ्यात हलका माणूस पुढे निघतो हे खरं, पण वाऱ्याने जोर धरला की पारडं पुन्हा तिकडेच.

जगात याचा अनुभव आहेच. १९६०च्या दशकात ऑलिंपिकच्या जुन्या, वजनदारांच्या फिन होडीला पर्याय शोधताना ऑस्ट्रेलियाच्या बॉब मिलरने 'कंटेंडर' आखली. एकटा माणूस, एक तार. चाचण्यांमध्ये ती निवडली गेली, पण ऑलिंपिकमध्ये काही पोचली नाही. आजही ती जोमाने खेळली जाते, पण तिच्यात रमतात ते बहुतेक मध्यम ते भरभक्कम अंगाचेच.

मला जास्त आवडली ती ब्रिटनमधल्या आरएस ७०० होडीची युक्ती. तिला दोन्ही बाजूंना पंखांसारख्या चौकटी आहेत. खेळाडू हलका असेल तर त्या जास्त बाहेर काढतात, म्हणजे त्याला अंतर जास्त मिळतं, आणि होडीत शिशाची वजनंही ठेवतात. भरभक्कम असेल तर चौकटी आत. लहान मुलाला बेसिनपाशी हात पोचावा म्हणून आपण पाटावर उभं करतो ना, तसंच. कुणी त्याला उंच व्हायला सांगत नाही.

मग हलक्यांची वेगळी ट्रॅपीझ होडी हवी का? माझं उत्तर आहे, सध्या नको. शर्यतीला दहा-वीस होड्या तरी लागतात. सगळं नवं आणायचं, सुटे भाग बाहेरून मागवायचे, आणि शेवटी तलावावर आपली होडी एकटीच. शर्यत लावणार कुणाशी? त्याऐवजी जे आहे तेच मोकळं करावं. पुरुषांची आयएलसीए ६ची जागतिक स्पर्धा होतेच. आपल्याकडेही हलक्या मुलांना १८ वर्षांनंतर त्या मधल्या शिडावर मानाने खेळता आलं, तर नवी होडी विकत घ्यायचीही गरज नाही. फक्त शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग बदलायचा.

आणि तार हवीच असेल, तर दोघांची होडी आहे. ४७० मध्ये एक जण तारेवर लटकतो आणि सुकाणू धरणारा बसून असतो. त्या सुकाणूवर हलका माणूसच हवा असतो. पॅरिस २०२४ पासून ऑलिंपिकमध्ये ती एक स्त्री आणि एक पुरुष अशा जोडीची झाली आहे. आपल्याकडे हा वारसा जुना आहे. १९८२च्या आशियाई स्पर्धेच्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांच्या ट्रॅपीझ होडीत सुवर्ण जिंकलं. पुढे तारापोर १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिंपिकमध्ये ४७० मधूनच उतरले.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो लगेच खूश झाला असं समजू नका. "एकट्याने जिंकण्यात वेगळी मजा असते, ताई," म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचंही खरं आहे. एकट्याने चालवायचं स्वप्न सोडायला सांगणं सोपं नसतं. मी त्याला ते सोडायला सांगितलंही नाही. फक्त पावडर सोडायला सांगितली.

गेल्या रविवारी मावशीने व्हिडिओ पाठवला. दोघांची होडी, तारेवर त्याच्यापेक्षा उंचपुरी एक मुलगी आणि सुकाणूवर आमचा हडकुळा वीर. वाऱ्याचा झोत आला, होडी कलली, तो तिला ओरडून म्हणाला, "बाहेर, अजून बाहेर!" आणि होडी सरळ झाली. मावशीने खाली लिहिलं होतं, "आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मी आग्रह केला नव्हता."

तुमच्याही घरात असं एखादं हलकंफुलकं लेकरू असेल. त्याला लाडू जरूर द्या, पण लाडवासोबत वजनकाटा पुढे करू नका. त्याच्या वजनाला चालेल अशी जागा कुठे आहे, ते आधी त्याच्यासोबत बसून शोधा.