मशीन लावायच्या आधी नागपूर गाठा

"अल्ट्रासाऊंडने हाडाचा कॅन्सर मरतो, ऑपरेशनची गरज नाही." गोसीखुर्दच्या पुनर्वसित गावांतल्या ग्रुपवर हा मेसेज सध्या फिरतोय. परवा एका वडिलांचा फोन आला. पोरगा चौदा वर्षांचा, गुडघ्याजवळ सूज, रात्री दुखण्यानं झोप नाही. डॉक्टरनं एक्स-रे पाहून नागपूरला जायला सांगितलं. "भाऊ, पाय कापतील म्हणते. त्यापेक्षा इथंच फिजिओथेरपीवाल्याकडची मशीन लावली तर जमते का?"

मी म्हटलं, नाही जमत. अजिबात नाही.

जेल लावून गोल फिरवतात ती मशीन स्नायूंना शेक देते. जिथे कॅन्सरची शंका आहे तिथे ती लावायचीच नाही, हा फिजिओथेरपीतला नियम आहे. उंदरांवरच्या प्रयोगात अशा लहरींनी गाठ उलट वाढलेली दिसली होती. मालिशचंही तेच, गाठ चोळायची नसते.

मग मेसेज खोटा का? अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. भिंगानं ऊन एका जागी आणावं तशा लहरी एका बिंदूवर आणून गाठ जाळणारी यंत्रं आहेत. अमेरिकेत २०१२ साली त्यांना मान्यता मिळाली, पण दुसरीकडून हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदना कमी करण्यासाठी, तेही रेडिएशन चाललं नाही किंवा देता येत नसेल तर. पोरांच्या हाडात सुरू होणाऱ्या कॅन्सरवर, म्हणजे ऑस्टिओसार्कोमावर, व्हर्जिनिया टेकमध्ये लहरींचे प्रयोग झाले ते कुत्र्यांवर. गाठीच्या काही भागावर लहरी सोडल्या, मग पाय कापून आत काय झालं ते तपासलं. काम आशेचं आहे, पण अजून उपचार नाही. 'प्रयोगशाळेत' हा शब्द गाळून हेडिंग करणारे आमच्याच धंद्यातले, हेही सांगायला पाहिजे.

या आजारावर आज उपचार आहे तो केमोथेरपी आणि ऑपरेशनचा. आजार फुफ्फुसात पोचायच्या आत पूर्ण उपचार झाले तर दहापैकी सहा-सात पोरं वाचतात. आणि प्रत्येकाचा पाय कापत नाहीत. बऱ्याच जणांचं खराब हाड काढून कृत्रिम सांधा बसवतात. उशीर झाला, गाठ शिरा-धमन्यांत शिरली, की ती संधी जाते. तुकडा काढून तपासायचा तोही जिथं ऑपरेशन होणार तिथंच काढावा, चुकीच्या जागी चीर गेली तर पुढं पाय वाचवणं अवघड होतं.

रोवणी सुरू आहे, मजुरी बुडते, कळतं. पण नागपुरात तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. दवाखान्यात आरोग्यमित्राला आधी भेटा. रेशनकार्ड, आधार आणि जुना एक्स-रे सोबत न्या.