गोठलेल्या नळाची सोडवणूक

शिकागोसारख्या शहरीं राहावयाचें म्हणजे नळाशींहि सलोखा ठेवावा लागतो. ३० जानेवारी २०१९ रोजीं येथील पारा शून्याखालीं सेंटिग्रेडच्या ३० अंशांपर्यंत उतरला आणि आमच्या तीन मजली इमारतीचे नळ मुके झाले. खालच्या बिऱ्हाडीं तर तान्हें मूल.

शेजारचे एक गृहस्थ ज्योत फेकणारी बत्ती घेऊन तत्परतेनें धांवून आले. त्यांस आम्हीं परत पाठविलें. भिंतींतील जुनें लांकूड पेटावयास कितीसा वेळ! पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्के फुगतें. परंतु नळ फुटतो तो बहुधा बर्फ आणि बंद तोटी यांच्यामध्यें कोंडलेल्या पाण्याच्या दाबानें. म्हणून प्रथम तोटी उघडली, आणि तिच्याकडूनच मागें मागें ऊब देत गेलों. केस वाळविण्याचें यंत्र आणि ऊन पाण्यांत पिळलेलीं फडकीं एवढींच काय तीं आमचीं शस्त्रें. (शेकाची पिशवीहि कामीं आली.) नळ फुटला असल्यास तें बर्फ वितळल्यावांचून कळत नाहीं, यास्तव आमचे चिरंजीव मुख्य चावीपाशीं उभे होते.

दोन तासांनीं तोटी खोकली, गढूळ धार लागली. भिंत कोरडीच होती. खालच्या बाईंनीं आपलें पातेलें केव्हांच नळाखालीं धरलें होतें.