शंभर वारांची रेघ

आमच्या शाळेच्या फाटकाशी उभे राहून पूर्वेकडे पाहिले म्हणजे रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली, एक लाकडी गुमटी दिसते. पेन्सिली, खोडरबर, शेंगदाण्याची चिक्की, बोरकूट, सुपारीच्या पुड्या आणि फळीवर रचलेली विड्यांची बंडले, एवढाच तिचा संसार. गुमटी चालविणाऱ्या बाईंना मुले आजी म्हणतात. आम्ही काकी म्हणतो. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी ही गुमटी आमच्या सरकारी कर्तव्याच्या आड आली.

शिक्षण खात्याचे पत्र आले की, शाळेच्या आवाराबाहेर सौ गज अंतरावर पिवळी रेघ आखावी आणि तिच्या आत तंबाखूची विक्री होत नसल्याचे लिहून द्यावे. हिंदीत गज, आपल्या मराठीत वार. कापडाच्या दुकानांतून वार जाऊन मीटर येऊन कित्येक वर्षे झाली. परंतु २००३ च्या तंबाखूविषयक केंद्रीय कायद्याने शाळेभोवतीचे अंतर वारांतच सांगितले आहे. शंभर वार म्हणजे ९१ मीटर ४४ सेंटिमीटर, आणि ते मोजावयाचे आवाराच्या बाहेरच्या भिंतीपासून. हे कलम १ डिसेंबर २००४ पासून अमलात आहे. सार्वजनिक जागी धूम्रपानाची बंदी २ ऑक्टोबर २००८ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, नव्या नियमांनी कडक झाली. त्या नियमांनी शाळेपुरता दंड वसूल करण्याचा अधिकार मुख्याध्यापकालाही दिला आहे. दोनशे रुपयांपर्यंतच्या दंडाची पावती फाडण्याचा हा अधिकार आम्ही आजवर वापरला नव्हता. खरे सांगावयाचे तर, तो आपल्याला आहे हेच पुष्कळ दिवस आमच्या ध्यानी नव्हते.

व्यायामशिक्षक आणि दहावीची चार मुले बरोबर घेऊन आम्ही फीत लावली. गुमटी भरली ८४ मीटरांवर. मुलांपैकी एक चटकन म्हणाला, "सर, पूर्वी ती ९६ वर असेल. भिंत आपणच पुढे नेली ना!" मुलाचे गणित बरोबर होते. काही वर्षांपूर्वी नवी भिंत बांधताना शाळेने मोकळी जागा आत घेतली आणि भिंत बारा मीटर रस्त्याकडे सरकली. गुमटी जागच्या जागी होती. कायदाच चालत तिच्यापाशी गेला होता.

इतर जिल्ह्यांतील वाचकांस हे प्रकरण किरकोळ वाटेल. बालाघाटात ते तसे नाही. उन्हाळ्याच्या ऐन तापात आमच्याकडची कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे रानात शिरतात, तेंदूची पाने खुडतात, पन्नास-पन्नास पानांच्या गड्ड्या बांधून फडावर नेतात. हजार गड्ड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे पन्नास हजार पाने. या पानांचा व्यापार १९६४ च्या कायद्याने राज्य सरकारने आपल्या हाती घेतला. पुढे तीच पाने भिजवून, पत्र्याच्या फर्म्यावर कैचीने कापून, मांडीवर सूप घेतलेल्या बायका विड्या वळतात. सट्टेदार मोजून घेतो आणि वाकडी दिसेल ती छाटून टाकतो. आमच्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलींची बोटे विडीचे तोंड मुडपण्यात तरबेज आहेत. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम खात्याकडून शिष्यवृत्ती मिळते. तिच्या अर्जांची पडताळणी आम्हीच करतो. त्या आठवड्यात टेबलावर एका बाजूला तंबाखूमुक्त शाळेचे प्रमाणपत्र आणि दुसऱ्या बाजूला हे अर्ज होते. दोन्हींखाली सही आमचीच.

तंबाखूचे तोटे शिकविताना नववीतल्या एका मुलीने विचारले होते, "मग आईने काय करावे?" आम्ही तिला विडीच्या धुराबद्दल सांगितले. तेंदूचे पान कागदासारखे सच्छिद्र नसते, विडी विझू नये म्हणून ती वरचेवर ओढावी लागते, म्हणून लहान दिसली तरी ती सिगारेटहून सौम्य नसते, हे सर्व सांगितले. ते खरेच आहे. तिने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर मात्र नव्हते.

गुटख्याची कथा आणखी निराळी. तो तोंडात घालून चघळावयाचा, म्हणून तो खाद्यपदार्थ ठरला. आणि खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन असू नये असा अन्नसुरक्षेचा २०११ चा नियम. त्याच्या आधारे १ एप्रिल २०१२ पासून गुटखा बंद करणारे आपले मध्यप्रदेश हे देशातील पहिले राज्य. विडी कोणी खात नाही, म्हणून ती वाचली. आणि गुटख्याचे काय झाले? पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि दोन्हींचा संगम गिऱ्हाइकाच्या तळहातावर! कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्यांना ही युक्ती सुचली नसेल.

तर आम्ही काकींकडे गेलो. नियम समजावून सांगितला, दंडाचे सांगितले. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले, आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुमी पोट्ट्याच्या हातून बंडल मंगवत होते, तवा ही रेघ कुठं होती?"

व्यायामशिक्षक दुसरीकडे पाहू लागले. मुले मात्र आमच्याकडेच पाहत होती.

काकींचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १९९४ साली आम्ही याच शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो आणि बदली होईपर्यंत नऊ वर्षे राहिलो. मधल्या सुट्टीत आम्ही विडी ओढीत असू. बंडल आणावयास आठवीतला एक चलाख मुलगा ठरलेला होता. सुटे पैसे उरले की आम्ही मोठ्या उदारपणे त्याला म्हणत असू, "ठेव, सुपारी घे." आमची विडी २००५ साली सुटली, तीही डॉक्टरांच्या धाकाने. तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला आहे. मागल्या जून महिन्यात मुलीच्या प्रवेशासाठी तो आला. आमच्या पाया पडला. तो बोलत होता, पण शब्द नीट उमटत नव्हते. तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही, डॉक्टर सुपारीचे कारण सांगतात, असे त्यानेच सांगितले. पुढे गुटखा आला, संगत आली, ट्रकवरची रात्रीची जागरणे आली. आमच्या सुट्या पैशांनीच हे झाले असे कोणी म्हणणार नाही, तोही म्हणाला नाही. परंतु पहिली पुडी कोणाच्या पैशांची होती, हे आम्हांस ठाऊक आहे.

त्या दिवशी पावती फाडली नाही. कोणी याला कर्तव्यच्युती म्हणावे. आमची हरकत नाही. काकींनी बंडले खाली उतरविली, सुपारीच्या पुड्याही आमच्या सांगण्यावरून उतरविल्या. सुपारीबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हते. विड्यांवाचून दुकान चालणार नाही, असे त्या म्हणाल्या, आणि ते खोटे नव्हते. अखेर त्यांच्या मुलाने चार गडी लावून गुमटी रस्त्याने पुढे ढकलली. रेघेपलीकडे विड्या पुन्हा फळीवर आल्या. सुपारी मात्र आली नाही. ती विकू नये असा नियम नाही. काकींनी आपणहून ती सोडली. आता कडुनिंबाची सावली गुमटीवर पडत नाही आणि दुपारी त्या छत्री धरून बसतात.

निघताना त्यांनी एक जुनी वही काढली. पाने पिवळी पडलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. "बदली झाली तवाचं ऱ्हायलं हाय," म्हणून त्यांनी बोट ठेवले. सत्तावीस रुपये. आम्ही तीस दिले. तीन रुपये सुटे नव्हते. त्यांनी चिक्कीची वडी कागदात गुंडाळून हातावर ठेवली. ती आम्ही त्या दहावीच्या मुलाला दिली.