वायर आसा, मगे कित्याक येणा नाय?

‘मिनिडिस्क’ हा शब्द तुमच्यापैकी किती जणांनी ऐकला आहे? आमच्या विंगमध्ये मी विचारून पाहिलं. एकालाही माहीत नव्हतं. एक जण म्हणाला, ‘मिनी सीडी का?’ दुसऱ्याने फ्लॉपीचं चित्र काढून दाखवलं. गंमत म्हणजे दोघेही अर्धे-अर्धे बरोबर होते!

प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत बंद केलेली, ६४ मिलिमीटर व्यासाची छोटी चकती. सरकती पत्र्याची खिडकी फ्लॉपीसारखी आणि आतली चकती सीडीसारखी चमकणारी. जपानच्या सोनी कंपनीने ती १९९२ साली बाजारात आणली. आपल्याकडे तिचा फारसा प्रसार झालाच नाही. कॅसेटवरून आपण सीडीवर गेलो, तिथून एमपीथ्रीवर. मधली ही पायरी आपल्या गावीही नाही.

माझ्या मात्र अगदी गावी होती. विजयदुर्गला, आमच्या घराच्या माळ्यावर, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात.

काका जहाजावर होते. २००२ साली सिंगापूरहून येताना त्यांनी खिशात मावणारा एक मिनिडिस्क रेकॉर्डर आणला, सोबत छोटा स्टिरिओ माइक. त्याचा खरा उपयोग त्यांनी २००३ च्या गणपतीत केला. माझे आजोबा भजनी बुवा. काकांनी पेटीजवळ माइक ठेवला आणि घरोघरची भजनं रेकॉर्ड केली. रूपावली, अभंग, गवळण, गजर, सगळं. गिर्याच्या रामेश्वराच्या देवळातलंही एक भजन आहे. सगळ्या मिळून पाच डिस्क. आजोबा २००६ साली गेले, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. म्हणजे त्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. घरात त्यांचा फोटो आहे, पेटी आहे, टोपी आहे. आवाज तेवढा माळ्यावर होता.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, यूएसबी लावायची आणि कॉपी करायची! मीही दिवाळीच्या सुट्टीत तळेऱ्याहून एस.टी.ने गावी जाताना हेच म्हणत होतो. रेकॉर्डरला यूएसबीचं भोक होतं आणि डब्यात केबलही होती.

पण ही केबल एकमार्गी आहे. २००१ साली ‘नेटएमडी’ नावाचा प्रकार आला. त्यात कॉम्प्युटरवरची गाणी यूएसबीने डिस्कवर भरता येत होती. मात्र माइकने स्वतः केलेलं रेकॉर्डिंग त्याच केबलने कॉम्प्युटरवर आणायची सोय मुद्दाम ठेवलेली नव्हती. तो काळ इंटरनेटवरच्या गाण्यांच्या चोरीने कंपन्या धास्तावल्याचा. सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं ‘चेक-आऊट’ करावं लागायचं, आणि एक गाणं तीनदाच बाहेर देता यायचं. चौथ्यांदा द्यायचं तर आधी एका डिस्कवरून ते परत ‘चेक-इन’ करायचं. लायब्ररीच्या पुस्तकासारखं! चोराला अडवायला लावलेल्या कुलपात घरचा बुवा अडकला, एवढंच मी म्हणेन.

आजी खाटेवर बसून हा उद्योग पाहत होती. आधी तिने विचारलं, “ह्या काय रे, तपकिरीची डबी?” मी सगळं समजावून सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “वायर आसा, मगे कित्याक येणा नाय?”

ह्या प्रश्नाला माझ्या तीन वर्षांच्या ई अँड टीसीत उत्तर नाही. वायर इलेक्ट्रॉन दोन्हीकडून नेते. नाही म्हणणारं फर्मवेअर असतं.

पर्याय शोधले. २००४ मध्ये ‘हाय-एमडी’ आली, तिने केलेलं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेता येत होतं, पण जुन्या यंत्रावर केलेलं नाही. २००६ साली शेवटी एक मॉडेल असं आलं की जे जुन्या डिस्कसुद्धा यूएसबीने वाचून देतं. ते आज जुन्या बाजारात मिळतं, पण किंमत पाहून मी तो विचार तिथेच सोडला. अलीकडे काही हौशी प्रोग्रामर मंडळींनी फर्मवेअर उलगडून ठरावीक यंत्रांतून डेटा बाहेर काढण्याची युक्ती साधली आहे. आमचं यंत्र त्यांच्या यादीत नव्हतं.

उरला सर्वांत जुना मार्ग. हेडफोनच्या भोकातून आवाज घ्यायचा आणि कॉम्प्युटरने तो पुन्हा रेकॉर्ड करायचा. ऐंशी मिनिटांच्या डिस्कला ऐंशी मिनिटं, एक सेकंदही कमी नाही! लॅपटॉपला ‘लाइन-इन’ नसतं, असतो तो हेडसेटचा एकच सॉकेट आणि त्यातला माइक मोनो. म्हणून लॅबमधल्या सरांकडून स्टिरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड मागून नेलं होतं. रेकॉर्डरची मूळ चपटी बॅटरी केव्हाच मेलेली, पण बाहेरून एक पेन्सिल सेल लावायची डबी काकांनी जपून ठेवली होती. डिस्कची खिटी सरकवून आधी ती ‘लॉक’ केली. ऑडॅसिटीमध्ये ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. एका मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. बास बूस्ट बंद आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही असा व्हॉल्यूम. मग ‘प्ले’ दाबलं.

आधी खोकला आला. मग पेटीचा सूर. आणि मग एक भरदार, थोडा नाकातला आवाज...

आजी काहीच बोलली नाही. पदर तेवढा सारखा केला, घरात मोठं माणूस आल्यावर करतात तसा. थोड्या वेळाने म्हणाली, “मागे घे वायच.” मी सांगितलं, आजी, आता मागे घेता येणार नाही, पलीकडे रेकॉर्डिंग चालू आहे. ती म्हणाली, “बरां तर, ऱ्हवांदे,” आणि भिंतीला टेकून बसली.

मग तिची कॉमेंटरी सुरू झाली. हा टाळ वाजवतो तो वरच्या वाडीतला, लग्न झाल्यावर भजनाला यायचा बंद झाला. मृदंगावर अमक्याचा थोरला, धाकट्याचा हात असा जड नव्हता. ही मागची घाई ऐक, चहा आलेला दिसतोय. काकांनी डिस्कवर रोमन अक्षरांत ‘बाबा १’, ‘बाबा २’ एवढीच नावं घातली होती. कुणाच्या घरचं भजन, कोण कोण होतं, हे जगात फक्त ह्या एका बाईच्या डोक्यात होतं. मी हळूच मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो खाटेवर ठेवून दिला. त्यामुळे आज माझ्याकडे दोन संच आहेत. एकात नुसतं भजन, दुसऱ्यात भजनावर आजी.

केबलने चार मिनिटांत कॉपी झालं असतं तर मी फाइल्स पेन ड्राइव्हवर घेऊन जेवायला बसलो असतो, हे खरं आहे. तरीही खरं सांगतो, ती सोय असती तर मी तीच वापरली असती. अडवणुकीचं कौतुक करण्याइतका मी मोठा झालेलो नाही!

ह्या निमित्ताने आपल्या सिलॅबसमधल्या काही गोष्टी कानांनी कळल्या. मिनिडिस्कवर लिहिताना लेसर एक बिंदू सुमारे १८० अंश सेल्सियसपर्यंत तापवतो, म्हणजे क्युरी पॉइंटपर्यंत. पलीकडून चुंबकी हेड त्याला दिशा देतं आणि थंड होताना ती तिथेच गोठते. वाचताना परावर्तित प्रकाशाचं पोलरायझेशन किंचित फिरतं, त्यावरून शून्य की एक ते ओळखायचं. नुसत्या चुंबकाने ती पुसली जात नाही. काकांनी त्याच वर्षी नातेवाइकांना वाटायला हेडफोनमधूनच तीन कॅसेटही भरल्या होत्या. त्या तिन्हींना खाऱ्या हवेने बुरशी धरली. डिस्क मात्र बावीस वर्षांनी जशाच्या तशा.

‘जशाच्या तशा’ हेही पूर्ण खरं नाही म्हणा. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट असतात, ह्या डिस्कवर २९२. ‘एटरॅक’ पद्धत मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज टाकून देते. ते मला कानाने कळलं नाही. कळलं ते माइकचं ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोल. मृदंगाची जोराची थाप पडली की सगळं भजन क्षणभर खाली दबतं आणि मग हळूहळू वर येतं. दोन अभंगांच्या मधल्या शांततेत यंत्र कान टवकारतं, मग कुत्रं, भांडी आणि खूप लांबून समुद्र, सगळं वर येतं. कंट्रोल सिस्टिमच्या ओरलला ‘अटॅक टाइम, रिलीज टाइम’ विचारलं तर मी आता आमच्या पडवीचं उदाहरण देणार आहे.

दुसऱ्या डिस्कच्या वेळी लाईट गेली. आमच्याकडे हे नवीन नाही. रेकॉर्डर सेलवर, लॅपटॉप बॅटरीवर, भजन चालूच राहिलं. आणि मघापासून पाठीमागे असलेली बारीक ‘हुंऽऽ’ एकदम नाहीशी झाली! ५० हर्ट्झचा तो गुंजारव चार्जरमधून येत होता. पुढच्या सगळ्या डिस्क मी लाईट असतानाही चार्जर काढूनच घेतल्या.

तिसऱ्या डिस्कच्या शेवटी एका बाईच्या ओव्या आहेत. काकांनी बहुधा स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून गुपचूप घेतलेल्या. आजी ताडकन म्हणाली, “हो माझो आवाज न्हय!” आम्ही सगळे हसलो. तिने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. ओव्या मात्र यंत्राच्या आधी तिच्या ओठांवर येत होत्या.

चार डिस्कना तीन दिवस लागले. पाचवीवर काकांच्या अक्षरात ‘बाबा, सप्ताह’ लिहिलंय. ती घातली की यंत्राच्या पडद्यावर येतं, ‘ब्लँक डिस्क’. काकांना फोन केला. त्यांना आठवलं की त्या रात्री पहाटेच्या सुमारास सेल संपला होता. मिनिडिस्कवर आवाज आधी लिहिला जातो आणि कुठे काय आहे ह्याची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी, थांबवल्यावर. मध्येच सेल गेला तर आवाज डिस्कवर असतो, पत्ता नसतो. कॉम्प्युटरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

अशा डिस्कवर दुसऱ्या भरलेल्या डिस्कची अनुक्रमणिका चढवून आवाज परत मिळवण्याची युक्ती आहे. पण त्यासाठी यंत्र सर्व्हिस मोडमध्ये न्यावं लागतं आणि मूळ डिस्कवर लिहावं लागतं. चुकलं तर चुकलं. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, “घाई कसली? आधी शिक.” म्हणून ती डिस्क खिटी लावून, सिलिका जेलच्या पुडीसकट हॉस्टेलच्या कपाटात ठेवली आहे. आधी दुसऱ्या डिस्क मुद्दाम तशाच बिघडवून सराव करायचा आहे. अडचण एवढीच की सोनीने रेकॉर्डर विकणं २०१३ साली थांबवलं आणि कोऱ्या डिस्क बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाचे काका-मामा जहाजावर किंवा परदेशात होते, आणि घरी माळ्यावर अशा डब्या पडून असतील, तर कृपया बघा. कोऱ्या असतील तर मला द्या. भरलेल्या असतील तर देऊ नका, रविवारी मेसनंतर रूमवर घेऊन या. साउंड कार्ड अजून माझ्याकडेच आहे, सरांना माहीत आहे.